रात्री दोनदा वाजलेला एक : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार (अंधेरी)

दिवाळी संपून पहिला कामाचा दिवस. अर्धं ऑफिस अजून गावाला. सकाळी मेल उघडला तर न्यू जर्सीच्या गोदामातून रात्रपाळीच्या सुपरवायझर बाईंचा निरोप आलेला. त्यांच्या वहीतली नोंद अशी: रात्री १:२० वाजता तीन नंबरच्या शीतकक्षाचा भोंगा वाजला, तापमान ९.१ अंश, कॉम्प्रेसर ट्रिप झाला होता, पुन्हा चालू केला. तिथल्या तापमानाच्या नोंदी आमची सिस्टीम ठेवते, आणि आमच्या रिपोर्टमध्ये मात्र त्याच कक्षाचं १:२० चं तापमान ४.६ अंश. दोघांपैकी खरं कोण, एवढंच त्यांनी विचारलंय.

त्या कक्षात लशी आहेत. २ ते ८ अंशांतच ठेवायच्या. तापमान वर गेलं तर किती मिनिटं आणि कुठपर्यंत गेलं, हे पाहून त्यांचा गुणवत्ता विभाग माल ठेवायचा की काढायचा ते ठरवतो. तोवर सगळा माल बाजूला काढून ठेवलाय. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय.

आमच्या सिस्टीमने अलार्मही दिला नाही. नोंदच नव्हती, तर अलार्म कशावर वाजणार?

संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभा असताना लक्षात आलं: रविवारी अमेरिकेत उन्हाळी वेळ संपली, घड्याळं एक तास मागे गेली. नोव्हेंबरचा पहिला रविवार, पहाटेचे दोन. म्हणजे त्या रात्री न्यू जर्सीत १:२० दोनदा वाजले. एकदा भारतीय वेळेनुसार सकाळी १०:५० ला आणि पुन्हा ११:५० ला. दुसऱ्या १:२० ला मी डोंबिवलीला ताईकडे पाटावर बसलो होतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं. चूक माझीच आहे, २०२१ साली मी केलेली.

सेन्सर दर पाच मिनिटांनी रीडिंग घेतो. गोदामातला गेटवे त्यावर स्थानिक घड्याळाची वेळ टाकून आमच्याकडे पाठवतो. कुठल्या विभागाची वेळ, यूटीसीपासून (जगाच्या समान प्रमाणवेळेपासून) किती पुढे-मागे, काही नाही. नुसतं ‘०१:२०’. ते आधी ‘आवक’ टेबलात जसंच्या तसं पडतं आणि तिथून मुख्य टेबलात जातं. मुख्य टेबलाचा कॉलम ‘टाइमस्टॅम्प विदाउट टाइम झोन’, म्हणजे नुसती तारीख-वेळ, आणि प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, सेन्सर अधिक वेळ. नेटवर्क खराब असलं की गेटवे डेटाचं तेच पाकीट पुन्हा पाठवतो, म्हणून इन्सर्टला मी ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ लावलं होतं: तीच ओळख असलेली ओळ आधीच असेल तर नवी सोडून द्यायची. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. तीन वर्षं त्याने कामही चोख केलं.

आवक टेबलात त्या कक्षाच्या सेन्सरच्या ओळी काढून पाहिल्या:

अनुक्रमांक ८८१४०१, वेळ ०१:५०, ४.५
अनुक्रमांक ८८१४०२, वेळ ०१:५५, ४.४
अनुक्रमांक ८८१४०३, वेळ ०१:००, ४.७
अनुक्रमांक ८८१४०४, वेळ ०१:०५, ६.९
अनुक्रमांक ८८१४०५, वेळ ०१:१०, ८.३

अनुक्रमांक पुढे जातोय आणि वेळ मागे. ८८१४०३ पासूनच्या बारा ओळी डेटाबेसला जुन्याच ओळींच्या नकला वाटल्या, म्हणून त्याने त्या निमूटपणे टाकून दिल्या. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये एक अक्षर नाही. ९.१ चं रीडिंग ८८१४०७ वर आहे. बाईंची वही खरी. त्यांना तसं लगेच कळवलं.

मला सगळ्यात जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. रोज रात्री एक तपासणी चालते: प्रत्येक सेन्सरची दिवसभराची रीडिंगं मोजायची, २८८ भरली की हिरवी खूण. तासाला बारा, चोवीस तासांची २८८. पण ३ नोव्हेंबरचा दिवस तिथे पंचवीस तासांचा होता. ३०० यायला हवी होती. बारा टाकून दिली गेली, बरोबर २८८ उरली, आणि हिरवी खूण आली. रीडिंगं हरवली म्हणूनच हिशेब जुळला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

परत आणायचं काम आज करायला घेतलं. आवक टेबल आम्ही नव्वद दिवस ठेवतो, म्हणून वाचलो. त्यात पाकीट पोचल्याची वेळही असते, आणि तो कॉलम ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ आहे. म्हणजे खरा क्षण तिथे आहे. दुसरा एक ते दोनचा तास म्हणजे भारतीय वेळेनुसार ११:३० ते १२:३०. तेवढ्या वेळात पोचलेल्या ओळी उचलायच्या.

क्वेरी लिहिली, वेळेपुढे ‘आयएसटी’ लावलं, चालवली. ५५२ ओळी आल्या. ४६ सेन्सर गुणिले १२, बरोबर ५५२. आमची टेस्टर शेजारी बसली होती. ती म्हणाली, “सर, आकडा जुळला, टाकूया?” मी हो म्हणणारच होतो. पण टाकण्याआधी ९.१ शोधून बघावं म्हटलं. ते त्यात नव्हतं.

अर्धा तास डोकं लावल्यावर कळलं. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्याच्या मूळ यादीत ‘आयएसटी’ म्हणजे भारताची नव्हे, इस्रायलची प्रमाणवेळ, यूटीसीच्या दोन तास पुढे. मी ११:३० म्हटलं ते त्याने ०९:३० यूटीसी धरलं. मला हवं होतं ०६:०० यूटीसी. साडेतीन तासांनंतरचा भलताच तास हातात आला होता, आणि त्यातही प्रत्येक सेन्सरची बारा रीडिंगं होती, म्हणून आकडा तंतोतंत जुळला. दोन दिवसांत दुसऱ्यांदा जुळलेल्या आकड्याने फसवलं.

‘टाइमझोन ॲब्रिव्हिएशन्स’ या सेटिंगला ‘इंडिया’ असा पर्याय आहे, तो लावला की आयएसटी आपली होते. पण मी तो लावला नाही. उद्या नवा सर्व्हर उभा करताना कोणीतरी विसरेल. त्यापेक्षा तीन अक्षरी संक्षेप कुठेच वापरायचा नाही असं ठरवलं. एक तर ‘एशिया/कोलकाता’, नाही तर सरळ ‘+०५:३०’. अमेरिकेच्या मध्य विभागाला आणि चीनलाही ‘सीएसटी’ असा एकच संक्षेप आहे, म्हणजे घोळ फक्त आपलाच नाही. शिवाय ‘यूटीसी+५:३०’ असंही लिहायचं नाही. पॉसिक्स या युनिक्स-प्रकारच्या सिस्टीमच्या मानकाच्या जुन्या रीतीत ते चिन्ह उलटं वाचलं जातं, आणि आपण जातो ग्रीनिचच्या पश्चिमेला.

क्वेरी दुरुस्त केली. ८.३, ८.८, ९.१, ८.६, मग ७.७. आठच्या वर फक्त चार रीडिंगं, दुसऱ्या १:१० पासून १:२५ पर्यंत. १:०५ ला खाली होतं, १:३० ला पुन्हा खाली आलेलं. प्रत्येक ओळीपुढे अनुक्रमांक आणि यूटीसी लिहून रात्री साडेआठला पाठवलं. अंधेरीहून घाटकोपरला मेट्रोने आलो, तिथून भांडुपची लोकल धरली. गाडीत बसायला जागा मिळाली आणि कुर्ल्याकडून येणाऱ्या गर्दीतही डोळा लागला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

गुणवत्ता विभागाने माल सोडला. आपल्या आकड्यांवर सोडला, हे मनात राहील.

आता बाकीची गोदामं. इलिनॉयचे ३१ सेन्सर, तिथे तोच तास आपल्याकडच्या १२:३० ते १:३० ला गेला: ३७२ ओळी. लंडनचे १८. युरोपात घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे २७ तारखेला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी. तिथल्या २१६ ओळी बारा दिवस हरवलेल्या होत्या आणि कोणी विचारलं नव्हतं, कारण तिथे त्या तासात काही बिघडलं नाही. एकूण ११४० ओळी परत आणल्या. या वेळी मोजण्यावर थांबलो नाही. प्रत्येक सेन्सरचे अनुक्रमांक सलग आहेत का, ते तपासलं.

ॲरिझोनाच्या गोदामात काहीच हरवलं नाही. त्या राज्यात नवाहो प्रदेश सोडला तर घड्याळ बदलतच नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

मागची वर्षं. आवक टेबल नव्वद दिवसांचं, म्हणजे २०२३, २०२२ आणि २०२१ चा तो तास गेला तो गेलाच. बॅकअपमध्येही फक्त मुख्य टेबल आहे. तीनदा शोधलं.

मार्चच्या नोंदी वाचताना जीव आणखी खाली गेला. १० मार्च २०२४ ला दिवस तेवीस तासांचा होता, २७६ रीडिंगं आली, तपासणीने लाल खूण दिली, ‘१२ कमी’. आणि शेरा काय? ‘नेटवर्क खंडित’. आमच्यापैकीच कोणीतरी लिहिलेला, आणि त्याखाली मंजूर म्हणून माझी सही. नेटवर्क खंडित नव्हतं. एकही रीडिंग हरवलं नव्हतं. घड्याळ एक तास पुढे गेलं, म्हणून दोन ते तीन हा तास तिथे झालाच नाही. हरवतं तेव्हा आम्ही हिरवी खूण देत आलो आणि काही हरवलेलं नसतं तेव्हा लाल.

सगळे असे शेरे शोधून त्यांच्याखाली दुरुस्ती लिहिली. जुना शेरा खोडला नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

रचनेवर बैठक. आमच्यातला एक तरुण मुलगा म्हणाला, “सर, सगळं भारतीय वेळेतच ठेवू ना. आपल्याकडे घड्याळ कुठे बदलतं?” मुद्दा अगदीच चुकीचा नाही. स्थिर वेळ असली की दोनदा वाजायचा प्रश्न येत नाही. मी त्याला पोस्टग्रेसमध्ये १ जून १९४३ ही तारीख ‘एशिया/कोलकाता’ लावून बघायला सांगितली. उत्तर आलं +०६:३०. दुसऱ्या महायुद्धात इथलं घड्याळ एक तास पुढे होतं. मुंबईची तर गोष्टच वेगळी. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण शहर १९५५ पर्यंत आपली ‘मुंबई वेळ’ धरून होतं, ३९ मिनिटं मागे. माझ्या आजी-आजोबांच्या लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे बारीक अक्षरात छापलंय ‘स्टँ. टा.’, म्हणजे स्टँडर्ड टाइम. वऱ्हाड्यांचा मुहूर्त ३९ मिनिटांनी चुकू नये म्हणून. छापखान्यातल्या त्या माणसाने जी काळजी घेतली ती मी टेबल बनवताना घेतली नव्हती. बैठकीत हे बोललो तेव्हा कोणी हसलं नाही, बरं वाटलं.

ठरलं ते असं. घडलेल्या गोष्टीचा क्षण ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ मध्ये. नाव फसवं आहे, त्यात झोन साठत नाही, तो क्षण यूटीसीत साठतो आणि दाखवताना सेशनच्या, म्हणजे डेटाबेसशी त्या वेळी चालू असलेल्या जोडणीच्या, झोनमध्ये दिसतो. म्हणून गोदामाच्या टेबलात झोन वेगळा, आणि तो नावाने: ‘अमेरिका/न्यूयॉर्क’, ‘अमेरिका/शिकागो’, ‘अमेरिका/फिनिक्स’, ‘युरोप/लंडन’. नुसतं ‘-५’ नको, कारण न्यू जर्सी वर्षातले जवळपास आठ महिने ‘-४’ असतं. प्रायमरी कीमधून वेळ काढायची. उपकरण क्रमांक अधिक अनुक्रमांक. पुन्हा पाठवलेलं पाकीट ओळखायला तेवढं पुरतं.

एका बाबतीत मात्र उलटं करायचं. सेन्सरचं कॅलिब्रेशन पुढच्या वर्षी स्थानिक सकाळी दहाला ठरलेलं असतं. ते यूटीसीत ठेवायचं नाही. माणसं दहाला येणार, घड्याळाचे नियम काहीही होवोत. आणि नियम बदलतात: मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागात हा प्रकार बंद केला, अमेरिकेनेही २००७ पासून मार्च आणि नोव्हेंबरच्या आजच्या तारखा धरल्या. पुढच्या भेटीगाठी स्थानिक वेळ आणि झोनचं नाव अशाच ठेवायच्या.

१० डिसेंबर, मंगळवार

जुना डेटा बदलायची तालीम, टेस्ट सर्व्हरवर. सोपा रस्ता होता: कॉलमचा प्रकार बदलायचा आणि ‘ॲट टाइम झोन अमेरिका/न्यूयॉर्क’ लावायचं. एका ओळीचं काम. बरं झालं आधी तालीम केली.

दोन अर्थ निघू शकतील अशी वेळ दिली की पोस्टग्रेस प्रमाणवेळ धरतो, म्हणजे दुसरा तास. आमच्याकडे मुख्य टेबलात टिकलेल्या ओळी मात्र पहिल्या तासाच्या आहेत, कारण आधी आली ती राहिली. सरसकट बदललं असतं तर त्या सगळ्या एक तास पुढे सरकून परत आणलेल्या ओळींच्या जागेवर बसल्या असत्या. एकाच क्षणाला ४.६ ही आणि ९.१ ही. एरर तेव्हाही आली नसती.

म्हणून दरवर्षीचा तो एक तास बाहेर काढून हाताने ‘-०४:००’ लावलं, शिकागोला ‘-०५:००’, लंडनला ‘+०१:००’. प्रत्येक ओळ पोचल्याच्या वेळेशी (ती मुख्य टेबलातही आहे) ताडून पाहिली. २०२३ मधल्या एका सेन्सरच्या तीन ओळी चार तास उशिरा पोचल्यात, तेव्हा नेटवर्क खरंच गेलं होतं. त्या पहिल्या तासाच्या की दुसऱ्या, सांगता येत नाही. त्यांना ‘संदिग्ध’ खूण केली. अंदाजाने भरायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या चालू सर्व्हरवर, बदल केला. सकाळी सहाला सुरू, दुपारी दोनला संपलं. काही अडचण नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मार्चची तयारी. गेटवे आता यूटीसी पाठवतात, स्थानिक वेळ फक्त त्यांच्या पडद्यावर दिसते. सर्व्हरचं स्वतःचं घड्याळ न्यूयॉर्कवर होतं तेही यूटीसीवर आणलं, लॉगसकट. रोजचा रिपोर्ट स्थानिक २:३० ला निघायचा. ९ मार्चला तिथे २:३० वाजणारच नाहीत. आमचा शेड्युलर अशा वेळी काय करतो ते टेस्ट सर्व्हरवर घड्याळ पुढे ढकलून पाहिलं: तो दिवस सोडून देतो. रिपोर्ट ४:०० वर नेला.

रिपोर्टच्या आतही एक काटा निघाला. ‘२४ अवर्स’ मिळवून दिवस संपवला होता. तिथे ‘१ डे’ हवं, आणि तेही सेशन त्या गोदामाच्या झोनमध्ये असताना. पोस्टग्रेसला हे दोन वेगळे आहेत: एकात चोवीस तास मोजले जातात, दुसऱ्यात उद्याची तीच वेळ येते. आता किती रीडिंगं हवीत हे २८८ असं लिहिलेलं नाही, त्या दिवसाच्या लांबीवरून निघतं.

झोनची नावं गेटवेंशी ताडताना ॲरिझोनाचा गेटवे ‘अमेरिका/डेन्व्हर’ वर सापडला. डिसेंबरमध्ये तो बदलला तेव्हा बसवणाऱ्याने निवडलं असणार. हिवाळ्यात फिनिक्स आणि डेन्व्हरची वेळ सारखीच, म्हणून कोणाला दिसलं नाही. ९ मार्चपासून पडदा एक तास पुढचं सांगू लागला असता, आणि तिथली माणसं वहीत तीच वेळ लिहीत गेली असती. बदलून घेतला. पुन्हा नोव्हेंबरसारखी वही एकीकडे आणि रिपोर्ट दुसरीकडे, हे मला नको होतं.

९ मार्च, रविवार (भांडुप, घरून)

न्यू जर्सीचे दोन म्हणजे आपले १२:३०. जेवण बाजूला ठेवून बसलो. १२:२५ ला शेवटचं रीडिंग आलं, स्थानिक १:५५. १२:३० ला पुढचं, स्थानिक ३:००. मधे पाच मिनिटं, अनुक्रमांक एकने पुढे. दीडला शिकागोचंही तसंच. टेस्टरने तिच्या घरून मेसेज केला: “सर, सलग आहे.” चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल अडीचला सुरू होणार होती, खाली सोसायटीत पडदा लावला होता. पहिली ओव्हर पडायच्या आत लॅपटॉप मिटला. भारत चार विकेट राखून जिंकला.

१० मार्च, सोमवार

न्यू जर्सी १२,६९६. इलिनॉय ८,५५६. प्रत्येक सेन्सरची २७६, आणि हिरवी खूण. आकड्यावर न थांबता अनुक्रमांक तपासले, सलग आहेत. कुठेही ‘नेटवर्क खंडित’ असा शेरा नाही.

रात्रपाळीच्या बाईंना मेल केला, कारण नोव्हेंबरमध्ये वही उघडून त्यांनी विचारलं नसतं तर आम्हाला कळलंच नसतं. त्यांचं उत्तर आलं: त्या आता घड्याळ बदलायच्या रात्री वहीत वेळेपुढे ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ असं लिहितात.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

लंडनचं घड्याळ आपल्या सकाळी ६:३० ला पुढे गेलं. आई तांब्या घासून गुढीची तयारी करत होती, मी ओट्याशेजारी लॅपटॉप ठेवून पाहत होतो. स्थानिक १२:५५, मग २:००. अनुक्रमांक पुढचाच. मग गच्चीत जाऊन गुढी उभारली.

लंडनचा आजचा दिवस उद्या पहाटे साडेचारला संपेल.

३१ मार्च, सोमवार, ईदची सुट्टी

लंडन ४,९६८, अनुक्रमांक सलग. या कामाचं तिकीट (तक्रारीची नोंद) बंद केलं. २०२३ च्या त्या तीन ओळी ‘संदिग्ध’ म्हणूनच ठेवल्यात.